अकरा मिनिटांचं सँडविच

ती त्या सँडविचच्या काउंटरवर पहिल्यांदा गेली ती भुकेसाठी नाही, एका शब्दासाठी! शब्दकोशाच्या कार्यालयात तिच्या वाट्याला ‘फ’ आला होता आणि ‘फास्ट फूड’पाशी तिचं घोडं अडलं होतं. “स्वतः खा, वेळ मोज, मग लिही,” हा संपादककाकांचा खाक्या. म्हणून वही आणि घड्याळ घेऊन ती आठवडाभर रोज दुपारी सँडविचवाल्यासमोर बसू लागली.

“फास्ट फूड म्हणजे भराभर खायचं, ना?” पहिल्याच दिवशी तिनं विचारलं.

“छे हो! भराभर द्यायचं. तयारी आधीच करून ठेवायची, मागितलं की हातात. खायला तुम्ही संध्याकाळपर्यंत बसा… आमची ना नाही,” टोमॅटो चिरता चिरता तो हसला. वही उलटी धरलीय हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

“शब्द गेल्या शतकातला,” ती घाईनं म्हणाली, “पण रीत फार जुनी. जुन्या शहरांत कितीतरी खोल्यांत चूलच नसायची. लोक रस्त्यावरूनच गरम गरम घ्यायचे.”

“मग मी जुन्या शहरातलाच! माझ्याही खोलीत चूल नाही, कोशबाई.”

“सँडविचवाल्याकडे?”

“दिव्याखाली अंधार!”

शुक्रवारी काकांनी तिची नोंद वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. “अगं, व्याख्येत ‘दोन-तीन मिनिटांत’, आणि वहीत रोज अकरा, बारा, चौदा? आज नीट मोज. संध्याकाळी पान छापायला जाणार.”

आता बोला! आठवडाभर तिनं फक्त स्वतःचंच सँडविच मोजलं होतं. दुसऱ्या कुणाकडे तिचं लक्षच नव्हतं.

त्या दुपारी ती कोपऱ्यात बसून सगळ्यांचं मोजत राहिली. दोन मिनिटं. सव्वादोन. दोन. मग तिनं स्वतःचं मागितलं… पुन्हा अकरा!

“माझ्यावरच का हो हा राग?” तिनं घड्याळ त्याच्यापुढे धरलं. “काकांची बोलणी खाल्ली मी!”

त्याचे कान लाल झाले. “राग कसला… दोन मिनिटांत दिलं की माणसं लगेच निघून जातात. तुम्ही जाऊ नये, असं वाटायचं. चुकलंच माझं.”

नोंद आज संपणार, उद्यापासून यायला निमित्तच उरणार नाही, हे तिला सकाळपासून टोचत होतं.

त्यानं पाव घेतला. हात सपासप चालले. नवं सँडविच तिच्यापुढे ठेवून तो खाली बघत म्हणाला, “घ्या. एक मिनिट पन्नास सेकंद. नोंद बरोबर आली… आता जा तुम्ही.”

तिनं आकडा लिहिला, वही मिटली. मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

“कामाचं झालं,” ती म्हणाली, “मलाही इथून उठवत नाही हो… उद्या मला अकरा मिनिटांचंच द्या. आणि जमलं तर चौदा.”