तुम्हांस लागलें काय?

चेन्नईजवळच्या एन्नोरच्या बसस्टॉपवर मी उभी होते, तेवढ्यात शेजारच्या मैदानातून हातभर लांबीचा एक निळा ट्रक सुसाट आला, माझ्या चपलेवर चढला आणि उलटा पडला. चारही चाकं हवेत... आणि तरी फिरतायत!

मागून रिमोट घेऊन एक उंच तरुण धावत आला. तमिळमध्ये भराभर काहीतरी म्हणाला. मी वैतागून पुटपुटले, "अरे देवा, अंगठाच गेला की!"

तो थबकला. मग हळूच म्हणाला, "अय्यो... तुम्ही मराठी? तुम्हांस लागलें काय?"

मी अंगठा विसरले.

त्याचं नाव मानाजी. तंजावरकडचं मराठी घराणं, कित्येक पिढ्या इकडेच. एग्मोरला विमा कचेरीत नोकरी, टी. नगरला आईसोबत घर, आणि शनिवारी दुपारी हे मैदान. मी नाशिकची सावनी. इथल्या एका गाड्यांच्या कंपनीत मोटर-कंट्रोलचं काम करायचे.

"ही जोराची ब्रशलेस मोटर घातली तेव्हांपासून ऐकतच नाही हा," तो ट्रक सरळ करत म्हणाला. "निघतांना हिसके देतो, मग एकदम उडतो."

"स्पीड कंट्रोलरची सेटिंग्ज काय ठेवलीत?"

"दुकानांतून आलीं तशींच."

"मग उडणारच. पंच सगळ्यात वर असेल. निघतानाच सगळी ताकद देतोय तो."

"तुम्हांस येतें हें?"

"त्यावरच पोट भरते."

बस आली, गेली. आम्ही मातीत बसलो होतो. कंट्रोलरला एकच बारीक बटण. दाबून धरलं की मोटरच पिक्-पिक् वाजायची, आणि कितव्या आवाजाला बोट उचललं त्यावर कुठलं सेटिंग बदलणार ते ठरायचं.

"चार झाले," मी म्हणाले.

"तीन. तुम्ही मोजत नव्हतां."

"मी बटणाकडे बघत होते—"

"बटण एथें आहे," तो म्हणाला. "मी इकडे."

समुद्रावरून खारा वारा आला, आणि मी उगाच केस सारखे केले...

मग दर शनिवारी तीच बस, तेच मैदान. पंच कमी केला. वळणावर बोट सैल केलं की ट्रकचा वेग आपोआप उतरावा म्हणून थोडा ड्रॅग ब्रेक दिला. "एका वेळी एकच गोष्ट बदल," मी बजावायचे. "नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही." तो मान डोलवायचा. अशात 'तुम्हांस'चं 'तुला' कधी झालं, ते आम्हाला कळलंच नाही.

डिसेंबर २००८मध्ये त्या मैदानावर अशा रिमोटच्या ट्रकांची शर्यत झाली. मानाजी दुसरा आला. माझ्या ऑफिसची मंडळीही आली होती, सगळी महाराष्ट्रातली, आणि त्यात विश्वजित पुढे. मानाजी घामाघूम होऊन माझ्याकडे आला. मागे चार पावलांवर रेशमी साडीतल्या एक बारीक बाई उभ्या होत्या.

"सावनी, माझी आई आली आहे. तुला पाहावयास. तिजला भेटतेस काय?"

"तिजला!" विश्वजित ओरडला. "हा तर बखरीतून उठून आलाय!"

सगळे हसले. आणि मी... मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं. खरं तर मी लाजले होते. त्याची आई मला बघायला आली होती आणि ते चारचौघांना कळलं होतं. लाज लपवायला दुसरं काही सुचलं नाही. पण हे त्याला कसं कळावं?

"सॉरी," मानाजी इंग्रजीत म्हणाला. "माय मराठी इज नॉट सो गुड."

आईंनी ऐकलं होतं. पदर सावरून त्या परत फिरल्या.

त्यानंतर तो माझ्याशी इंग्रजीतच बोलला, अगदी सभ्यपणे. मी 'चिडलास?' असा मेसेज केला. 'नो नो,' एवढंच आलं. माफीचे शब्द मी कितीदा टाइप केले आणि खोडले. नाताळनंतर मैदानावर जाणंच सोडलं.

जूनमध्ये माझी पुण्याला बदली झाली, तेव्हा मात्र राहवेना. टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांमधून वाट काढत त्याचं घर गाठलं. आईंनी दार उघडलं.

"कम... सिट," त्या म्हणाल्या.

जन्मभर घरात मराठी बोलणारी ती बाई माझ्याशी मोडक्या इंग्रजीत बोलत होती. "काकू, मी माफी मागायला आले."

त्यांनी खुर्ची माझ्यापुढे सरकवली. "मजकडे नव्हे. त्यास सांग."

मानाजी कचेरीतून आला. व्हरांड्यातच मी सगळं एका दमात सांगून टाकलं... माझं हसणं, लाजणं, आणि तो मला किती आवडतो तेही.

"मलाही तू खूप आवडायचीस, सावनी," तो म्हणाला.

मी दचकले. स्वच्छ, बिनचूक मराठी. अगदी माझ्यासारखी.

"हे... असं कधी शिकलास?"

"तू हसलीस, त्यानंतर. पुस्तकं आणली, मोठ्यानं वाचली. नीट बोलता आलं की तुला विचारीन, असं ठरवलं होतं. पोंगलपर्यंत, म्हणजे तुमच्या संक्रांतीपर्यंत, मैदानावर वाट पाहिली..." त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. हरिप्रिया नाव तिचं."

"मला तुझी आधीचीच भाषा आवडायची, मानाजी."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस ना."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

त्याने माझ्यासाठी ऑटो थांबवला, ड्रायव्हरला तमिळमध्ये पत्ता सांगितला. ऑटो सुरू झाला तेव्हा मी वळून पाहिलं. आई दारात येऊन त्याला काहीतरी विचारत होत्या, तो उत्तर देत होता... त्या जुन्या मराठीत की या नव्या? इंजिनाच्या आवाजात मला त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही.