सौंसरचा स्कूटी क्लास

पांढुर्ण्याहून सौंसरला येणाऱ्या बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. खिडकीची काच नीट बंद होत नव्हती, त्याच्या चष्म्यावर पावसाचे बारीक थेंब उडत होते. चष्मा पुसत त्यानं विचारलं, “मॅडम, सौंसरात बायकांना स्कूटी शिकवणाऱ्या प्रज्ञाताई कुठं राहतात, माहीत आहे का?”

“काय काम आहे?”

“त्यांचा क्लास आमच्या अ‍ॅपवर टाकायचा आहे. ऐकलं, लई कडक आहेत.”

“आहेतच. अन् तुमच्याच बाजूला बसून राहिल्या.”

तो असा लाजला, की मला हसू आवरेना.

त्याचं नाव अंकुश. नागपूरच्या एका नव्या कंपनीत होता. गावोगावचे शिवणाचे, तबल्याचे, पोहण्याचे क्लास अ‍ॅपवर टाकायचे. लोकांनी मोबाइलवर नाव नोंदवायचं आणि प्रत्यक्ष जाऊन शिकायचं. मी तेव्हा मोहगावच्या एका शाळेच्या ऑफिसात कामाला होते. रविवारी मैदानावर दोन-तीन बायकांना स्कूटी शिकवायची, तेवढंच.

अ‍ॅपवर नाव गेलं आणि महिन्याभरात बावीस जणी झाल्या. अंकुश दर रविवारी फोटो काढायला यायचा. फोटो दोन, गप्पा तासभर.

“मलेही शिकायचं आहे,” एकदा म्हणाला.

“जागा नाही.”

“मग थांबतो… किती दिवस थांबू?”

मी हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट करत बसले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

बायका रोज सकाळी क्लास घ्या म्हणू लागल्या. शाळा आणि क्लास, दोन्ही जमणार नव्हतं. मी राजीनामा दिला आणि त्या रविवारी सगळ्यात आधी अंकुशला सांगितलं.

“पंधरा दिवसांनी शाळेतून सुटते मी. तोवर राजीनामा वापस घेता येते म्हणे.”

त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “छान.”

मला वाटलं, आनंदानं त्याला शब्द सुचत नसतील.

शाळेची नोकरी सुटली, त्याच्या चौथ्या दिवशी क्लासमधल्या कमलताईंचा फोन आला. “प्रज्ञा, तुझा क्लास अ‍ॅपवर दिसूनच नाही राहिला वं.”

दुपारी अंकुश घरी आला. कंपनीनं प्रत्यक्षातले सगळे क्लास बंद करून नुसते व्हिडिओ ठेवले होते.

“स्कूटी काय व्हिडिओवर शिकवू?” मी म्हटलं. “तुले कधी कळलं?”

“महिना झाला…”

“म्हणजे मी राजीनाम्याचं सांगितलं, तेव्हा…”

“माहीत होतं.” त्याची मान खाली गेली. “वाटलं, सांगितलं तर इथं यायचं कारणच संपून जाईल. प्रज्ञा, मले तू आवडते. माझी पुण्याले बदली झाली. चल माझ्यासंग… लग्न करू.”

हे ऐकायला मी दोन महिने थांबले होते. ‘हो’ कसं म्हणायचं, तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

“तू सांगितलं असतं, तर राजीनामा वापस घेतला असता. अन् तुले भेटलीच असती, अंकुश. दर रविवारी.”

“चुकलं माझं.”

“चुकून नाही झालं ते. माझी नोकरी गेली तरी चालेल, पण तुझं येणं थांबू नये, असं तू ठरवलं.”

त्यानं बूट पायात चढवले. “मग… जाऊ?”

“जा.”

फाटकापाशी त्यानं दोनदा वळून बघितलं. मला कळलं, कारण मी बघत होते.

शाळेत माझ्या जागेवर दुसरी मुलगी लागली होती. दुसऱ्या दिवशी मैदानावर बावीसपैकी पाच जणी आल्या; अ‍ॅपवर दिसत नाही म्हणजे क्लासच बंद झाला, असं बाकीच्यांना वाटलं. स्कूटीवर बसता बसता कमलताईंनी विचारलं, “तो पोरगा गेला काय वं?”

“गेला.”

“चांगला होता पण.”

“चांगला होता, ताई. म्हणूनच तर विश्वास ठेवला.” मी मागून त्यांची सीट धरली आणि म्हटलं, “समोर बघा.”