तीन वेचण्या, तीन आगपेट्या

चांगुणाच्या मोठ्या बहिणीला जुळं झालं, ते साल २०१७. एक पोरगा, एक पोरगी. बाराव्या दिवशी बारसं झालं आणि दुसऱ्याच दिवशी चांगुणा कामावर गेली, कारण कापसाचा हंगाम सुरू झाला होता. त्या दिवशी तिला निनाजी भेटला. म्हणून तिला कोणी विचारलं, तुमची ओळख कधीची, तर ती आजही सांगते, "जुळ्यांहून बारा दिवसांनी लहान."

मोताळ्याच्या बाहेर गुलाबराव शेठचं जिनिंग होतं, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. चांगुणा तिथे सेफ्टीचं काम पाहायची. खामगावात वर्षभराचा कोर्स करून आली होती. सारे तिला सेफ्टीबाई म्हणायचे.

फाटकावर एक नियम होता. कापसाची गाडी आत जाण्याआधी प्रत्येकाने खिशातली आगपेटी द्यायची, पितळी बिल्ला घ्यायचा, आणि जाताना बिल्ला देऊन आगपेटी परत न्यायची. म्हातारा वॉचमन शेषराव त्या आगपेट्या खणांच्या लाकडी पेटीत ठेवायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कोणाची आगपेटी कुठल्या खणात, हे कधी चुकलं नाही.

त्या दिवशी शेषराव चहाला गेला होता, म्हणून पेटीपाशी चांगुणा उभी होती. ट्रॉलीवरून एक उंच, सावळा पोरगा उतरला.

"माचिस असंल तर द्या," ती म्हणाली.

त्याने खिसे चाचपले आणि आगपेटी तिच्या हातावर ठेवली.

"नाव?"

"निनाजी. तुमचं?"

"माझं कायले? माचिस तुमची हाये."

"परत घ्याले आलो तर हाक कोणाले मारू?"

"सेफ्टीबाई म्हणतात मले."

"थे काम झालं. मी नाव इचारलं."

"...चांगुणा." आजीचं नाव ठेवलेलं. सांगताना ती नेहमी जरा अवघडायची. "जुनं हाये."

"जुनं नाई," तो म्हणाला, "टिकाऊ हाये."

ती हसू दाबून बिल्ला शोधू लागली. तो तिथेच उभा.

"आता काय?"

"तुमच्या केसांत रुई हाये."

"इथं साऱ्याइच्याच केसांत असते."

"असंल... साऱ्याइची मी पाह्यली नाई."

एवढं बोलून तो ट्रॉलीमागे आत गेला. चांगुणाने केसांतली रुई काढली नाही. संध्याकाळी घरी आरशात पाहिलं, तर ती अजून तिथेच होती.

पण त्या जिनिंगात तिचं मन लागत नव्हतं, ते वेगळ्याच कारणाने. आगीसाठी पाण्याची एक मोठी टाकी होती. त्या टाकीतलं पाणी गुलाबराव शेठ रुईवर मारायचे, गाठीचं वजन वाढावं म्हणून. दुपारपर्यंत टाकी कोरडी. आणि चांगुणाने रोज रजिस्टरात लिहायचं, 'टाकी भरलेली', खाली सही करायची. ती एकदा बोलली, तर शेठ म्हणाले, "बाई, तुमचं काम लिवाचं. भराचं माह्यं मी पाहीन."

कापसात खडा आला की रोलरवर ठिणगी उडते, आणि रुईला एक ठिणगी पुरते. ढिगाऱ्याशी सोळा बाया कचरा वेचत बसायच्या. जेवताना त्या चांगुणाला आपल्या डब्यातला ठेचा वाढायच्या. ती टाकीकडे पाठ करून जेवायची. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. पण सोडून जायचं कुठे, हे ठाऊक नव्हतं. आणि आता आणखी एक गोष्ट होती... निनाजीच्या शेतातल्या कापसाची दुसरी वेचणी यायची होती.

ती आली नोव्हेंबरच्या शेवटी. या वेळी शेषराव जागेवर होता, तरी निनाजीने आगपेटी थेट चांगुणाच्या हातात दिली. तो आत गेल्यावर शेषराव म्हणाला, "बाई, हा पोरगा बिडी पेत नाई."

"तुमाले कसं ठाव, काका?"

"पन्नास वर्षं पेऊन राह्यलो मी. पेणाऱ्याची बोटं वळखू येतात. हा माचिस इकत घेते अन् तुमच्यापाशी आणून देते. पाहा, एक काडी जळली नाई हिच्यातली."

चांगुणाने आगपेटी उघडली. खरंच, भरलेली, कोरीकरकरीत. निनाजी परत आला तेव्हा तिने बिल्ला घेतला, पण आगपेटी मुठीतच धरून ठेवली.

"बिडी पेत नाई, मंग माचिस कायले आणता?"

त्याचे कान लाल झाले. "नियम हाये ना तुमचा. माचिस द्या म्हन्ता. जोळ नसंल तर देऊ काय?"

"ज्याच्यापाशी नाई, थो सरळ आत जाते."

"थेच तर," निनाजी म्हणाला. "सरळ आत जाचं नाई मले."

शेषरावने मुद्दाम खोकून तोंड दुसरीकडे केलं.

एरवी कपाशीच्या चार-पाच वेचण्या होतात. चांगुणाने मनाशी मोजून ठेवलं होतं. तिसरी डिसेंबरात, चौथी जानेवारीत. पण ते साल बोंडअळीचं. अळी लागणार नाही म्हणून घेतलेल्या बियाण्याचीच बोंडं आतून पोखरून निघाली. डिसेंबर गेला, ट्रॉली आली नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आली ती अर्धी. कापूस पिवळा, अळीने डागाळून कवडी पडलेला.

निनाजीने आगपेटी दिली.

"पुढची वेचणी कवा?" तिने विचारलं.

"नाई पुढची. उभ्या पराटीवर रोटावेटर मारून टाकतो उद्या."

"मंग तुमी..."

"काय आणू? पराटीच्या काड्या?" तो हसला, पण हसू टिकलं नाही.

तो आत गेला. चांगुणाने सवयीने आगपेटी हलवली. आवाज आला नाही. उघडली, तर आत काड्या नव्हत्या. वर्तमानपत्रातलं कात्रण होतं, चार घड्या घातलेलं. 'सेफ्टी सुपरवायझर पाहिजे.' खामगावच्या पुढची एक सूतगिरणी. मुलाखत सोमवारी.

तिला आधी राग आला. तो बाहेर आला तसं तिने कात्रण त्याच्यापुढे धरलं.

"हे काय? मले घालवून राह्यले का इथून?"

"हाव."

"काऊन?"

"पह्यल्या डावाले परत जाताना पाह्यलं, तुमी टेबलाशी रजिस्टर लिवून राह्यल्या होत्या. लिवून झालं अन् बोटं ओढणीले पुसली. दुसऱ्या डावालेबी तसंच. शाई लागली नोती बोटाले." त्याने शेषरावकडे मान केली. "मी शेषरावकाकाले इचारलं. त्याइनं टाकीचं सांगतलं."

चांगुणाने आपल्या बोटांकडे पाहिलं. ही गोष्ट तिची तिलाही माहीत नव्हती.

"खामगाव लांब हाये," ती म्हणाली.

"ठाव हाये मले."

"मी गेली तर तुमाले इथं याचं कामच पडणार नाई."

"थेबी ठाव हाये," निनाजी म्हणाला. "तरी जा."

आणि आगपेटी न घेताच तो ट्रॅक्टरवर चढला.

सोमवारी चांगुणा एसटीने गेली. मुलाखतीच्या साहेबांनी विचारलं, "जुनी नोकरी का सोडताय?" तिने उत्तर पाठ केलं होतं, पगार, बढती वगैरे. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"तिथं मी रोज खोटं लिहिते, साहेब."

साहेबांनी तिचा अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आमची टाकी बघून या."

ती शिडीने वर चढली, काठी बुडवून पाहिली, खाली आली. "चार फूट कमी आहे. आणि शिडीची तिसरी पायरी हलते."

"पायरीचं मलाही माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. त्यांनी पहिल्या तारखेपासून यायला सांगितलं.

जिनिंगातल्या शेवटच्या दिवशी तिने रजिस्टरात लिहिलं, 'टाकी रिकामी. पाणी रुईवर वापरलं.' खाली सही, तारीख, वेळ. शेठ ओरडले, "पान फाड थे!" ती म्हणाली, "पानाले नंबर हाये शेठ. फाडलं तर फाडलेलं दिसंल." शेषरावच्या पाया पडून ती निघाली. त्या दिवशी तिने बोटं कशालाच पुसली नाहीत.

नवी नोकरी बरी होती. जे दिसेल ते लिहायचं, आणि लिहिलेलं साहेब वाचायचे. खोली घेतली, झोपही लागू लागली. फक्त फाटकाशी ट्रॅक्टर वाजला की तिची मान वळायची. महिना गेला... दुसरा निम्मा गेला.

मार्चात एका दुपारी फाटकावरचा माणूस आला. "मॅडम, एकजण माचिस जमा कराले आला हाये. ना गाडी, ना माल. तुमच्याच हातात देतो म्हन्ते."

ती चालत गेली. पळाली नाही, पण चालणं जरा भरभरच होतं. निनाजी इस्त्रीचा सदरा घालून उभा होता.

"माल?"

"माल नाई."

"मंग काय काम?"

त्याने आगपेटी पुढे केली. तिने हलवली. आवाज नाही. उघडली. काहीच नाही.

"रिकामी हाये."

"चिठ्ठी लिवली होती. एसटीत फाडली. म्हटलं, आता तोंडानंच सांगतो."

"सांगा मंग."

त्याने पायाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माह्या मायले तुमचं नाव लय आवडलं."

"मायले?"

"...मलेबी. नावबी. तुमीबी."

उन्हात दोघं उभी. गिरणीतून सूत कातणाऱ्या चात्यांचा एकसारखा आवाज येत होता. चांगुणाने खणातून एक बिल्ला काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"जपून ठेवा. जाताना परत द्या लागते."

"अन् गेलोच नाई तर?"

"तर," ती म्हणाली, "ठेवून घ्या."

मे महिन्यात लग्न झालं. शेषराव आला होता. त्याने आहेरात आगपेटी दिली, सगळ्यांसमोर, आणि मांडव हसला.

चांगुणाने लिहिलेलं ते पान पुढे विम्याच्या माणसाने वाचलं. त्याने शेठला टाकी भरलेलीच ठेवायला लावली. २०१९ च्या फेब्रुवारीत जिनिंगात खडा आला, ठिणगी उडाली, ढिगाऱ्याला आग लागली. शेषरावने नळी ओढली, पाणी होतं. एक छप्पर जळालं. सोळा बाया बाहेर आल्या, शेवटी शेषराव आला.

शेषराव वारला तो त्यानंतर अडीच वर्षांनी, २०२१ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. घरी, आपल्या खाटेवर, वयोमानाने.