बिट्टीच्या डोळ्याचं काजळ

कराडच्या प्रतिजीव केंद्राचा नियम साधा होता: आधी मांजर, मग माणूस. गेलेल्या माणसाच्या जपून ठेवलेल्या पेशीतून ते माणूस पुन्हा जन्माला घालायची सोय झाली, तशी लोकांची नुसती झुंबड उडाली. आणि हाती आलेलं लेकरू 'हे आमचं नव्हेच' म्हणून परत आणणारेही निघाले. लेकरू परत करायचं, काय म्हणावं! तेव्हापासून ठरलं, की ज्याला माणूस हवं त्यानं आधी घरच्या मेलेल्या जनावराची प्रत, म्हणजे प्रतिजीव, सहा महिने सांभाळून दाखवावा.

हेमांगी दळवीला तिची ओवी हवी होती. नऊ वर्षांची पोर, तापानं चार दिवसांत गेली. पाठोपाठ तिची लाडकी तिरंगी मांजर बिट्टी अन्नपाणी सोडून गेली. आज नव्या बिट्टीचे सहा महिने पुरे झाले होते. तिला टोपलीत घालून हेमांगी केंद्रातल्या डॉक्टर शेर्लेकरांसमोर बसली होती, आणि जीव नुसता टांगणीला लागला होता.

बिट्टीच्या पांढऱ्या अंगावर काळे-नारिंगी डाग होते आणि डाव्या डोळ्याभोवती काळं वर्तुळ. डॉक्टरांनी कापसाचा बोळा तेलात बुडवून त्या वर्तुळावरून हलकेच फिरवला. बोळा काळा झाला. खालून नारिंगी केस निघाले.

"काजळ?"

हेमांगीनं मान खाली घातली. "रोज सकाळी लावते. ओवी तिथंच पापा घ्यायची हो तिचा. हिला तिथं नारिंगी आलं. तुमच्याकडंच कुणाची तरी चूक झाली असेल, म्हटलं झाकावी. उगाच अर्ज अडायला नको."

"चूक नाही, ताई. मादीच्या प्रत्येक पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. हिच्या एकावर काळा रंग आहे, दुसऱ्यावर नारिंगी. गर्भ मोहरीहून बारीक असतो, तेव्हाच प्रत्येक पेशी दोघांतल्या एकाला कायमचं गप्प करते. कुणाला, ते निव्वळ नशीब. आम्ही त्याला रंगकौल म्हणतो. प्रत केली, की कौल पुन्हा पहिल्यापासून लागतो. तोच कौल दोनदा नाही मिळत."

"ते मांजराचं झालं. माणसाला कुठं आलेत डाग?"

"मुलींना असतात. दिसत नाहीत, एवढंच. कातडीत, डोळ्यांत, अगदी मेंदूतसुद्धा. चेहरा ओवीचाच येईल. पण ती कशाला हसेल, कशाला घाबरेल, ते मी नाही सांगू शकत."

हेमांगीचे डोळे भरून आले. "म्हणजे मी नापास?"

"छे! सहा महिने सांभाळलीत, परत नाही केलीत. नियमानं पास." डॉक्टरांनी अर्ज पुढं सरकवला. "बहुतेक आया काही ना काही रंगवतातच. करा सही."

अगं बाई, ओवी येणार! हेमांगीला हसावं की रडावं कळेना. ओवी डावखुरी होती. ही नसली तर डाव्या हातात पेन्सिल देऊ, सवय होईल. ओवी कारल्याची भाजी मागून खायची, हिलाही भरवू. नाही खाल्ली तर रागावू थोडं. लहानपणापासून वळण लावलं की सगळं जमतं.

त्या आनंदात तिनं बिट्टीला कुरवाळायला हात पुढं केला.

हात दिसताच बिट्टी टोपलीत उठून बसली. तोंड वर केलं, डावा डोळा घट्ट मिटला आणि जराही न हलता थांबली. काजळ लावून घ्यायला.

हेमांगीचा हात तसाच राहिला. काही केल्या तिला समोर मांजर दिसेना. तोंड वर करून, मुकाट्यानं, आई सांगेल ती व्हायला बसलेली एक पोर दिसू लागली.

"नको," ती म्हणाली.

"नीट विचार करा, ताई. अर्ज पुन्हा करता येत नाही."

"नको म्हटलं ना! त्या पोरीनं काय घोडं मारलंय माझं?"

बिट्टीला पदराखाली घेऊन ती बाहेर आली आणि भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडली. ओवी पहिल्यांदा गेली, तेव्हा देवाला शिव्या तरी देता आल्या होत्या.