ऑक्टरलोनी आणि कोंडसुरेकर

कुवेतच्या मंगफ भागातल्या एका इमारतीत, लिफ्टसमोर, पार्सलवाल्याने हाक मारली, "कोंडसुरेकर?"

दोन हात एकदम पुढे आले. एक जुईलीचा, दुसरा, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या एका तरुणाचा.

"हे माझं आडनाव आहे," जुईली म्हणाली.

"माझंही. जयदीप, पाचवा मजला." तो हसला. "अख्ख्या कुवेतमध्ये मी एकटाच, असं वाटत होतं..."

गावही एकच निघालं, कोकणातलं कोंडसुरे. पाहिलं दोघांनीही नव्हतं. तिचे आजोबा तिथून नाशिकला गेलेले, त्याचे पुण्याला.

"म्हणजे आपण भावकी," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुम्ही दादा." तिचाही उतरलाच होता, पण ती पटकन बोलून मोकळी होणाऱ्यांतली.

हिवाळाभर दोघं अबू हलीफाच्या समुद्राकाठी फिरली. भावकीला कोण नावं ठेवणार? तो तिच्यासाठी कडक चहा आणायचा, ती "थँक्यू दादा" म्हणायची, आणि तो दर वेळी आपल्या कपात बघायचा.

एका संध्याकाळी मात्र तो जवळजवळ धावतच आला.

"आमचे साहेब आहेत ना, ऑक्टरलोनी... स्कॉटलंडचे. त्यांचंही आडनाव दुर्मीळ. फाइफच्या किनाऱ्यावर थोडे, कॅनडात थोडे, सगळा नकाशाच काढून बसतात."

"मग?"

"मी म्हटलं, सगळे एका रक्ताचे असतील. ते म्हणाले, कोण सांगणार? नाव मुळात एका जमिनीचं. आपलंही तसंच ना, जुईली? गाव एक, घराणी दोन असू शकतात..." तो अडखळला. "तुमचं... देवक काय?"

देवक एक निघालं तर लग्न नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आधी तुमचं सांगा."

"पंचपल्लव."

तिने इतका वेळ बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडली.

"आमचं कळंब. पहिल्याच आठवड्यात आईला फोन करून विचारलं होतं."

"पहिल्याच — आणि हिवाळाभर दादा?"

"अर्धंच उत्तर होतं माझ्याकडे. उरलेलं तुम्ही आणाल म्हणून थांबले. तुम्हाला त्यासाठी स्कॉटलंडचा साहेब लागला."

तो हसत सुटला. मग हळूच, "आता दादा बंद?"

"बंद." तिने चहाचा घोट घेतला. "आणि सोय बघा, लग्नानंतर बताक्यावरचं, इथल्या ओळखपत्रावरचं, आडनाव बदलायला सरकारी कागदपत्रं करणाऱ्या कंपनीच्या मंदूबमागे धावायला नको."

लग्न हा शब्द आपणच आधी उच्चारला, हे चहा संपेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.

त्याच्या आलं होतं.