बुधवारी आलेली समिती

डायलिसिसचं मशीन चोरीला गेलंय, असा फोन आला तेव्हा फौजदार पूर्णिमा नेजकरांना वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. मोटारसायकली जातात, म्हशी जातात. कपाटाएवढं मशीन कोण नेणार आणि गिऱ्हाईक कुठं शोधणार?

फोन कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचे सचिव विजयसिंह यांचा होता. मशीन सरकारी अनुदानातलं. ते बघायला मुंबईहून समिती आलेली, आणि मशीनच्या जागी नुसती फरशी. पूर्णिमा रुग्णालयात पोचल्या तेव्हा विजयसिंह इतके कळवळून बोलत होते की समितीप्रमुखांनीच त्यांना पाणी दिलं.

बाहेर बाकावर गडहिंग्लजच्या दानम्मा बसल्या होत्या. पाय सुजलेले, दम लागलेला. आज डायलिसिस झालं नाही तर अवघड आहे, असं डॉक्टर म्हणत होते, आणि दुसरीकडं कुठं नंबर लागत नव्हता.

"मशीन ह्याआधी कधी बंद होतं का, अव्वा?" पूर्णिमांनी त्यांना विचारलं.

"अधनंमधनं दुरुस्तीला जातंय की. येताना हार घालून येतंय."

खोलीचं कुलूप शाबूत होतं. पाण्याची नळी कापलेली नव्हती. तिला नीट बूच लावलं होतं.

"किल्ली कुणाकडं?"

"माझ्याकडंच," विजयसिंह म्हणाले. "पण चोराला किल्ली कशाला लागतीय, मॅडम?"

समिती आज येणार हे कुणाला माहीत होतं, असं विचारल्यावर प्रमुख जरा लाजले. ठरल्याप्रमाणे आज बुधवारी शिरोळ होतं, याच ट्रस्टचं दुसरं रुग्णालय, आणि उद्या कोल्हापूर. "पण उद्या गुरुवार. गुरुवारी मी मटण खात नाही. तांबडा-पांढरा रस्सा हुकला असता, म्हणून आजच इकडं आलो."

पूर्णिमांनी कपाळावर हात मारला आणि शिरोळला फोन लावला. तुमच्याकडं डायलिसिसचं मशीन आहे का?

"हाय की. सकाळीच आलंय. हार घालून सायबांची वाट बघायलोय."

फोन स्पीकरवर होता. विजयसिंहांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

"चोर नळी कापतो, बूच लावत बसत नाही," पूर्णिमा म्हणाल्या. "आणि दुरुस्तीच्या मशीनला कुणी हार घालत नाही. हार उद्घाटनाला. अनुदान दोन मशीनचं घेतलं, आणलं एकच. समिती जाईल तिथं ते आधी पोचायचं. आज साहेब मटणासाठी उलटे आले, तेव्हा तुम्हाला चोर सुचला."

पोलिसांच्या टेम्पोतून मशीन परत आलं, हारासकट. कॉन्स्टेबल सील आणि लाख घेऊन पुढं झाला. मुद्देमाल सील करायचा असतो, कायदाच तसा आहे. दानम्मांनी एकदा मशीनकडं बघितलं, एकदा त्याच्या हातातल्या लाखेकडं.

"थांब," पूर्णिमा म्हणाल्या. "मुद्देमाल चालू आहे का बंद, ते पंचनाम्यात लिहावं लागेल. डॉक्टर, नळी जोडा. अव्वांना आत घ्या."

"किती वेळ लागेल?" प्रमुखांनी घड्याळ बघत विचारलं. मटण शिजून तयार असल्याचा निरोप आला होता.

"चारेक तास. बसा साहेब. पंच तुम्हीच आहात."