नका सोडू!

दारात आमची टक्कर झाली आणि त्यांच्या हातातली सिरिंज जेमतेम वाचली.

"सॉरी… लागलं का?" मूत्ररोगाच्या डॉक्टरांनी विचारलं.

लागलं होतं, पण ते आजचं नव्हतं!

सकाळीच सिस्टरने माझ्या कानावर घातलं होतं, "सर सोडताहेत म्हणे. फोनवर स्वतःच सांगत होते." हे हॉस्पिटल सोडून जाणार, या विचाराने तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी सोनोग्राफीची डॉक्टर. कुणाच्या आत काय चाललंय ते पडद्यावर बघून सांगणारी. आणि या एका माणसाच्या मनाचा मला थांगपत्ता नव्हता.

टेबलावर एक पेशंट काका होते. सायकलच्या दांडीवर आपटल्यापासून त्यांची लघवी अडत होती. एक्स-रेत मूत्रनळी अरुंद दिसली, पण भोवतालचा व्रण किती खोल ते कळेना. म्हणून आज डॉक्टरांनी नळीत बारीक बुडबुड्यांचं औषध सोडायचं आणि मी वरून सोनोग्राफीचा प्रोब धरून बघायचं. एक्स-रेला सगळे काचेमागे पळतात. इथे मात्र हे माझ्या कोपराला कोपर लावून उभे. लक्ष कसं लागणार?

"बघा हं… मी सोडतोय," ते म्हणाले.

"नका सोडू!" मी ओरडलेच.

त्यांचा हात थबकला. "का? काय दिसलं?"

"काही नाही… म्हणजे, सोडा. पण – नकाच सोडू."

"अहो, तुमचं काय ते एकदा ठरवा," काका कळवळले. "मधल्यामधे मी लटकलोय!"

शेवटी औषध गेलं. पडद्यावर पांढरीशुभ्र रेघ उमटली, एका जागी दोऱ्याएवढी झाली आणि पुढे पुन्हा रुंदावली. व्रण छोटा होता, गळती कुठेच नव्हती. छोट्या ऑपरेशनवर भागेल म्हटल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला. माझा अजून टांगणीलाच होता.

काका बाहेर गेले. मी पाठमोरीच विचारलं, "नोकरी सोडताय ना?"

"नोकरी? छे! भाड्याची खोली सोडतोय. इथे जवळच घर मिळालंय…" ते थांबले. "म्हणजे मघाशी ते 'नका सोडू'… औषधाबद्दल नव्हतं?"

माझे कान तापले. थापा पुष्कळ सुचत होत्या, पण गोंधळाचा आता कंटाळा आला होता.

"नव्हतं. तुमच्याबद्दल होतं. तुम्ही मला आवडता."

ते सिरिंज ट्रेमध्ये ठेवायला वळले. मेले, मला वाटलं.

"घर दाखवणारा विचारत होता," ते हळूच म्हणाले, "एकट्याला एवढं मोठं कशाला? मला काही सांगताच येईना…" त्यांनी माझ्या हातातला प्रोब काढून जागेवर ठेवला. "आता सांगू का त्याला?"

"सांगा," मी म्हणाले.